बडोद्यात रविवारची उपासना: मोबाइलवर बघितली तर भागतं का? (फतेहगंज, मकरपुरा आणि दांडियाबाजार या शहरातल्या भागांत राहणाऱ्या तिघांचं बोलणं)

फतेहगंजकर: आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतून हल्ली ऐकू येतं, "उपासना मोबाइलवर बघतो, तेवढं पुरे." मला ते अजिबात पटत नाही. बायबलात प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये पहिल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, चार गोष्टी आहेत: प्रेषितांची शिकवण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. मोबाइलवर शिकवण मिळते, प्रार्थनाही थोडीफार होते. उरलेल्या दोन्हींचं काय? सहा आठवडे न दिसलेला माणूस आजारी आहे की दुखावलाय, हे तरी कुणाला कळणार?

मकरपुरा: कारखान्यात सुट्टी रविवारीच मिळते असं नाही. सकाळी सातला रात्रपाळी सुटलेला माणूस उपासनेत डुलक्याच घेणार. त्यात गुजराती उपासना असली की आपल्या म्हाताऱ्या माणसांना प्रवचन समजतं, पण गीतपुस्तकाची लिपी लागत नाही. ओठ मिटून उभी राहतात बिचारी. हजेरी लागली, पण उपासना कुठे झाली? मत्तय 18:20 मध्ये येशू म्हणतो, दोघं-तिघं माझ्या नावानं जमतात तिथे मी असतो. म्हणजे दोघं-तिघं पुरतात.

फतेहगंजकर: त्याच्या आधीची पाच वचनंही वाचा. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं भेटा, मग एक-दोघांना घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांगा. मंडळीच नसेल तर सांगणार कुणाला?

दांडियाबाजार: भांडण वाराचं आहे, तर वारच बदला. 1742 साली इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज फेडायला मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लींच्या लोकांनी साधारण बारा-बारा जणांचे वर्ग पाडले. माणशी आठवड्याला एक पेनी, आणि ती गोळा करायला एकानं घरोघरी फिरायचं. फिरताना कोण कसं जगतंय हे दिसायला लागलं आणि तेच वर्गाचं मुख्य काम होऊन बसलं.

इथेही पाच-सहा घरांचा गट करा. पाळीचा तक्ता बघून वार ठरवा. सव्वा तास पुरे: देवनागरीत छापलेली दोन गीतं, एक वाचन, मग प्रत्येकाला बोलायला दोन-तीन मिनिटं, शेवटी प्रार्थना. सोबत फक्त चहा. एका घरी पोहे-शिरा झाला की पुढच्याला तेवढं करावंच लागतं, आणि ज्याच्याकडे ओढाताण आहे तो आपल्या घरी सभा घ्यायचं टाळतो. मग यायचंही सोडतो. पंधराच्या वर माणसं झाली की गट दोन करा, नाहीतर अबोल माणसं गप्पच राहतात. जो आला नाही त्याच्या घरी दोन दिवसांत जा. फोनवर सगळे "बरं आहे" म्हणतात.

मकरपुरा: हे मान्य. पण मग रविवारी न येणाऱ्याला कच्चा ख्रिस्ती म्हणणंही थांबवा. ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

फतेहगंजकर: कच्चा कुणी म्हणू नये, बरोबर आहे. पण दरबारातही माणसं एकत्रच येत होती ना? आणि प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर मोडण्याची, सोय गटात होत नाही, ती मंडळीतच. सन 155 च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं लिहून ठेवलंय की जे हजर नसत त्यांच्याकडे सेवक भाकर पोचवत. तेव्हा पाळीवाले आणि अंथरुणाला खिळलेले यांची नावं गटप्रमुखानं शनिवारपर्यंत पाळकांना द्यावीत, पत्ता आणि घरी असण्याची वेळ लिहून.