बाबा आणि साधनाताई

कुणीतरी लिहिलंय की बाबा आमटे गेल्यावर सगळ्यांनी आठवणी काढल्या त्या बाबांच्याच, साधनाताई नुसत्या 'सोबत होत्या' एवढ्यावर उरकल्या. अगदी पटलं. 61 वर्षांचा संसार, बाबा 2008 मध्ये गेले आणि ताई 2011 मध्ये.

त्यांचं जमलं कसं, ते आठवून बघा. लग्नघरातली गडबड टाळून ही मुलगी मागे म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करत होती, ते बाबांनी पाहिलं. म्हणजे सेवेचा वसा ताईंनी लग्नानंतर उचलला असं नाहीच! वरोऱ्याच्या त्या माळरानावर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन आनंदवनाची, म्हणजे कुष्ठरोग्यांच्या त्या वसाहतीची, सुरुवात झाली, हे सगळ्यांना पाठ असतं. तेव्हा त्यांची मुलं, विकास आणि प्रकाश, अगदी लहान होती. कुष्ठरोगाच्या नुसत्या नावानं लोक लांब पळायचे त्या काळात लेकरं घेऊन तिथे राहायचं, याला काय काळीज लागलं असेल!

पुढे 1990 मध्ये बाबा नर्मदेकाठी कसरावदला गेले. पाठीच्या दुखण्यानं त्यांना बसता यायचं नाही, एकतर उभं नाहीतर आडवं. उतारवयात बसवलेलं घर सोडून ताई तिथेही गेल्या. माझ्या मते आनंदवन दोघांनी मिळून उभारलं, आणि लिहिताना दोन्ही नावं बरोबरीनंच यायला हवीत.