बदमाशांची टोळी आणि सगळे सुखरूप? पटत नाही

मधली रांग
(स्पॉयलर आहेत, भरपूर.) चित्रपटात खुनी आणि भाडोत्री मारेकरी जमवायचे आणि शेवटी जवळपास सगळ्यांना धडधाकट घरी पाठवायचं, तर मग बदमाश हवेत कशाला? जेम्स गनच्या 'द सुसाइड स्क्वाड'नं (२०२१) हा प्रश्न सुरुवातीलाच निकालात काढला. कॉर्टो माल्टीज या काल्पनिक बेटाच्या किनाऱ्यावर उतरलेली तुकडी जवळपास पूर्ण कापली जाते, आणि पळ काढणाऱ्या सॅव्हन्टच्या डोक्यातला बॉम्ब वॉलर, म्हणजे कैद्यांना मोहिमेवर धाडणारी सरकारी अधिकारी, उडवते. त्यानंतर कुणाच्याच जिवाची खात्री उरत नाही. 'थंडरबोल्ट्स*'मध्ये (२०२५) टास्कमास्टर ही मारेकरी आल्या आल्या गोळी खाते आणि पुढे बाकी टोळीला अभय.

कात्रीबहाद्दर
टास्कमास्टर वाया घालवली, मान्य. पण तो तिजोरीतला प्रसंग पुन्हा बघा. चौघा मारेकऱ्यांना त्यांची बॉस व्हॅलेंटिनानंच एकमेकांवर सोडलंय: येलेना घोस्टच्या मागावर, घोस्ट टास्कमास्टरच्या, टास्कमास्टर वॉकरच्या आणि वॉकर येलेनाच्या. प्रत्येकाला वाटतं आपणच शिकारी. व्हॅलेंटिनाला आपल्या गुप्त कामांचा पुरावा नष्ट करायचाय, आणि पुरावा म्हणजे हे चौघंच. ना नावाच्या पाट्या, ना पूर्वकथा. मारामारीतूनच कळतं कोण काय करू शकतो.

क्लायमॅक्सला तर मृत्यू घातला असता तर ती पळवाट झाली असती. बॉब स्वतःच्याच काळ्या रूपाला, व्हॉइडला, जितके ठोसे घालतो तितका अंधार त्यालाच गिळतो. त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी येलेनाला त्या अंधारातल्या स्वतःच्या लाजेच्या खोलीतून, म्हणजे लाजिरवाण्या आठवणीतून, जावं लागतं: लहानपणी रेड रूम या मारेकरी घडवणाऱ्या संस्थेच्या परीक्षेत तिनं मैत्रिणीला मरणाच्या तोंडी दिलेलं असतं. म्हणजे पात्राचा दोष हाच शेवटाकडे जायचा रस्ता आहे.

फाइल नंबर शून्य
दोघंही २०१६चा डेव्हिड एयरवाला 'सुसाइड स्क्वाड' विसरताय. काय करू नये हे शिकायला तोच लावा. वॉलर जेवणाच्या टेबलावर फायली उघडते, मग एकेकाची ओळख, पडद्यावर पाट्या, गाण्यांवर गाणी. डेडशॉट आणि हार्ली हे कैदी आधी तुरुंगात दिसून गेलेले, तरी फाइलमधून पुन्हा येतात. टोळीतल्या स्लिपनॉटची मात्र फाइलच नाही, तो ऐन मोहिमेच्या तोंडावर गाडीतून उतरतो. तिथंच कळतं की याचा पत्ता कट! थोड्याच वेळात त्याच्या मानेतला बॉम्ब फुटतो. मरण आहे, धक्का नाही. म्हणून 'कुणीतरी मेलं पाहिजे' एवढ्यानं भागत नाही.

मोहीमही स्वतःभोवतीच फिरते. एन्चॅन्ट्रेस ही चेटकीण वॉलरच्याच योजनेतून निसटलेली, टोळी जाते ती वॉलरलाच सोडवायला, आणि हे आपल्याला अर्धा चित्रपट उलटल्यावर कळतं. (मेकअपचं ऑस्कर मिळालं त्याला. मगरीसारख्या क्रॉकचा चेहरा पाहता वावगं नाही.)

मधली रांग
स्लिपनॉट तर माझ्याच बाजूचा साक्षीदार! गननं तीच युक्ती उलटी फिरवली. मरणाऱ्या तुकडीचीच ओळख आधी, त्यात आधीच्या चित्रपटातला कॅप्टन बूमरँगही, म्हणून तो जाईल असं वाटत नाही. शिवाय मेलेला तिथंच संपत नाही. त्याच तुकडीतला जॅव्हलिन मरताना भाला हार्लीच्या हाती देतो, कशासाठी ते सांगायच्या आत जीव जातो. शेवटी तोच भाला घेऊन ती स्टारो या राक्षसी तारामाशाच्या डोळ्यात शिरते आणि त्या भोकातून उंदरांना हुकूम देणाऱ्या रॅटकॅचर २चे उंदीर आत घुसतात. टास्कमास्टरचं मागे काय उरलं, सांगा.

तिकीटबारी
कमाईचे आकडे वेगळंच बोलतात. २०१६चा ७४ कोटी डॉलरच्या वर गेला, गनचा १७ कोटींच्याही आत. अर्थात अमेरिकेत तो त्याच दिवशी एचबीओ मॅक्स या ऑनलाइन सेवेवरही होता, वर कोविड. आपल्याकडे तर ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातली थिएटरं बंदच होती, ती उघडली २२ ऑक्टोबरला. त्यामुळे 'लोकांनी नाकारला' म्हणू नका.

कात्रीबहाद्दर
मधली रांग, भाल्याचा मुद्दा बिनतोड. पण गनचं सगळ्यात भारी मरण किनाऱ्यावरचं नाहीच, ते तुकडीचा नेता फ्लॅगचं. अमेरिकेची पापं असलेली डिस्क त्याला जगापुढे आणायचीय, त्याचाच सोबती पीसमेकरला दडपायचीय. शांततेसाठी वाटेल तितकी माणसं मारीन म्हणणारा हा माणूस शेवटी आपल्याच सोबत्याला मारतो. तिथंही दोषच कथा पुढे नेतो, येलेनाच्या खोलीसारखा. फरक इतकाच की तिथं रक्त सांडतं आणि इथं मिठी मारतात.

'थंडरबोल्ट्स*'वर राग काढायचाच असेल तर घोस्टवरून काढा. भिंतीतून आरपार जाणारी बाई, तिचा उपयोग मुख्यतः दार उघडायला. भूतकाळाच्या खोल्यांमध्येही येलेनासारखं तिच्या वाट्याला काही येत नाही.