शून्य सावली दिवस: प्रयोग की नुसता फोटो?

ओळंबा:
मे उजाडला की शून्य सावलीच्या, म्हणजे भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होण्याच्या, तारखा फिरू लागतात. २-३ तारखेला पणजी, ६-७ला कोल्हापूर, १३-१४ला पुणे, १५-१६ला मुंबई, २६च्या सुमारास नागपूर. मागोमाग बाटल्या, पाइपचे तुकडे आणि भर उन्हात गोल करून उभी केलेली मुलं. माझं मत कडू लागेल, पण यात खगोलशास्त्र कमी आणि फोटो जास्त. तोच पाइप २२ डिसेंबरला, दुपारची सावली सर्वांत लांब असताना, उभा केला तर मुलांच्या हाती काही तरी लागेल.

नेहमीचा प्रयोग साधारण ३० सेंटिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर होतो. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य रोज पाव अंशापेक्षा जरा कमीच उत्तरेला सरकतो. म्हणजे आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी त्या पाइपची माध्यान्हाची (सूर्य सर्वांत उंच असतानाची) सावली फक्त सव्वा मिलिमीटर. सूर्य हा काही बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे सावलीची कडच २.८ मिलिमीटर धूसर असते. पाइप एक अंश कलला की ५ मिलिमीटर सावली आयती तयार. गच्चीला तर पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो! मग ‘आज शून्य झाली’ हे कशावरून ठरलं? यादीतल्या तारखेवरून. सावली फक्त मान डोलावते.

शिवाय मेमध्ये शाळा बंद. दुसरी तारीख पुण्याला जुलैच्या अखेरीस, तेव्हा सूर्य कुठे आहे हे विचारायचीच सोय नाही.

भरदुपार:
तारखेवर खापर फोडलंत, घोळ खरं तर घड्याळाचा आहे. निम्मे लोक हा प्रयोग बाराच्या ठोक्याला करतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.८६ वर. फरक ८.६४ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साडेचौतीस मिनिटं उशीर. त्यातून मेच्या मध्यावर सूर्य सरासरी वेळेच्या पावणेचार मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा. पुण्याचं माध्यान्ह आलं १२:३१ला. याच हिशेबाने मुंबईचं १२:३५, आणि २६ मेला नागपूरचं १२:११. पुण्यात बाराला पाइप लावाल तर ३९ मिलिमीटर सावली पश्चिमेला पडलेली दिसेल आणि पोरं म्हणतील, कुठे गेली शून्य सावली?

आता मूळ मुद्दा. सावली नाहीशी होताना बघायला टॅन्जंट लागत नाही, कोष्टक लागत नाही. ‘सूर्य रोज बाराला डोक्यावर येतो’ हा मोठ्या माणसांचाही पक्का समज आहे. वर्षात दोनच दिवस येतो, तेही बाराला नाही, आणि दिल्लीत तर कधीच नाही, हे एका पाइपने कळतं. डिसेंबरच्या लांब सावलीत हे कळेल?

ओळंबा:
समज मोडतो, मान्य. पण तुमच्याच हिशेबाने बघा. माध्यान्हाच्या आसपास सूर्य एका मिनिटात पश्चिमेकडे जेवढा सरकतो, जवळपास तेवढाच तो त्या दिवसांत चोवीस तासांत उत्तरेला सरकतो. चार मिनिटं चुकलात की चार दिवस चुकल्यासारखंच. हातातली घड्याळं तेवढी पुढेमागे असतातच. म्हणजे १० ते १७ मेपर्यंत पुण्यात कुठल्याही दिवशी हा सोहळा करा, बघणाऱ्याला फरक कळणार नाही. असल्या प्रयोगाला प्रयोग म्हणायचं का?

कवडसा:
दोघेही पाइपला धरून बसलात. पाइप टाका, भोक घ्या.

कौलाच्या फटीतून जमिनीवर पडणारा गोल कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमाच. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल येतो. तेच वापरायचं. जाड काळा पुठ्ठा, मध्ये ४ मिलिमीटरचं भोक. पुठ्ठा १ मीटर उंच टेबलाच्या कडेबाहेर काढून वर दोन विटा ठेवा. भोकाच्या मध्यातून ओळंबा सोडा, लंबक पूर्ण थांबला की जमिनीवर टोकाखाली खूण करा, दोरा काढून घ्या. जमिनीवर पांढरा कागद, चारही कडांना चिकटपट्टी. माध्यान्हाच्या १५ मिनिटं आधीपासून १५ मिनिटं नंतरपर्यंत दर २ मिनिटांनी कवडशाची कड पेन्सिलने गिरवा. कवडसा १३ मिलिमीटरचा येतो: ४ भोकाचे, ९ सूर्याचे. कड धूसर असली तरी गोलाचा मध्य एका मिलिमीटरपर्यंत पकडता येतो. तेच तर हवंय.

सगळे मध्य जोडले की पश्चिम-पूर्व जाणारी रेघ मिळते. ती ओळंब्याच्या खुणेवरून गेली तर आज शून्य सावली. खुणेच्या उत्तरेकडून गेली तर सूर्य अजून दक्षिणेला आहे. एका दिवसाला ४ मिलिमीटर फरक, डोळ्यांना सहज दिसतो. तीन-चार दिवस ओळीने करा, तारीख यादीतून नाही, कागदातून निघेल. जिन्याच्या वरच्या झरोक्यातून ३ मीटर उंची मिळाली तर दिवसाला साडेबारा मिलिमीटर. मात्र तेव्हा भोक ८-१० मिलिमीटरचं करा, नाहीतर कवडसा इतका फिका पडतो की आजूबाजूच्या उजेडात हरवतो. अंधार जितका जास्त तितकं सोपं.

चुकतं कुठे? पंख्याखाली ओळंबा हलत राहतो, लोक तसेच खूण करतात. लंबक पाण्याच्या बादलीत बुडवा, लगेच थांबतो. मग बादलीखाली खूण कशी करणार, असं कोणी विचारेल. खूण बादलीखाली नाही, दोऱ्यावरून करायची: दोऱ्याच्या दोन बाजूंना जमिनीवर दोन काटकोनात पट्ट्या लावा, बादली काढल्यावर त्यांच्या रेघा जिथे छेदतील ती खूण.

गच्चीवरून:
बादलीपेक्षा गवंड्याचा पितळी ओळंबा आणा आणि खिडकी लावा. बाकी उत्तम.

एक सांगायचं राहिलं. काही जण पाइप आडवा-उभा करून खालून वर बघतात, सूर्य ‘दिसतो का’ म्हणून. डोळ्याचा पडदा भाजतो आणि भाजताना दुखत नाही. पाइपमधून फक्त कागदावर पडलेला उजेड बघायचा.

रेखांश_७४:
ओळंबा यांचा ‘डिसेंबर बरा’ हा आग्रह मला पटत नाही, कारण मेमध्ये महाराष्ट्र-गोव्याला एक सोय फुकट मिळालेली आहे. नाशिक ७३.७९, पुणे ७३.८६, पणजी ७३.८३. तिन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर! ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढायला इजिप्तमधली सायीनी आणि अलेक्झांड्रिया घेतली, ती दोन शहरं रेखांशात तीन अंशांनी लांब आहेत. आपली जोडी त्याच्यापेक्षा सरस.

पुण्याच्या दिवशी १ मीटर उंचीवर पणजीत माध्यान्हाला सुमारे ५३ मिलिमीटर सावली पडते, आणि ती दक्षिणेला. नाशिकला २६ मिलिमीटर, उत्तरेला. एकाच दिवशी, जवळपास एकाच मिनिटाला दोन गावांच्या सावल्या उलट दिशांना! गोलाकार पृथ्वी यापेक्षा स्वच्छ कुठे दिसते ते दाखवा. ५३ मिलिमीटर म्हणजे ३.०३ अंश, पुणे-पणजी सरळ अंतर ३३५ किलोमीटर. ३६० भागिले ३.०३ गुणिले ३३५, पृथ्वीचा परीघ आला ३९,८०० किलोमीटर.

अंतर रस्त्याचं घेऊ नका. साडेचारशे टाकलंत तर परीघ ५३ हजारांच्या वर जातो. घाटाची वळणं पृथ्वीला फुगवतात.

ओळंबा:
जोडी सुरेख आहे, आक्षेप दोन. पहिला, काठीच्या सावलीत ५ मिलिमीटरची चूक धरली तर उत्तर ३६ ते ४४ हजारांमध्ये कुठेही येतं. दुसरा, पुण्याला ‘शून्य’ गृहीत धरताय. १३ तारखेला माध्यान्ही सूर्याची क्रांती (विषुववृत्ताच्या किती उत्तरेला तो डोक्यावर येतो ते) साधारण १८.४ अंश, पुण्याचा अक्षांश १८.५२. म्हणजे २ मिलिमीटर सावली उत्तरेला असते, १४ला तेवढीच दक्षिणेला. खरी शून्य सावली मधल्या रात्री होऊन गेली, पुणेकर झोपेत असताना. शून्याची रेघ रोज २७ किलोमीटर उत्तरेला सरकते, त्यामुळे कात्रजची आणि पिंपरीची तारीखसुद्धा वेगळी निघू शकते. आणि तुमचे ३३५ किलोमीटर नकाशावरून आले. नकाशात पृथ्वीचा आकार आधीच धरलेला असतो. उत्तर खिशात ठेवून गणित सोडवणं झालं हे.

रेखांश_७४:
शेवटचा आक्षेप वरवर जोरदार आहे. पण १८०२ साली इंग्रज सर्वेक्षक लॅम्बटनने भारताच्या मोजणीसाठी मद्रासजवळ पायाची रेघ साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचत गेला, तेव्हा अंतर जमिनीवरच मोजलं जात होतं. आधी अंतर, मग पृथ्वीचा आकार. जुन्या सर्व्हेच्या नकाशावरचं अंतर म्हणून अप्रामाणिक ठरत नाही. मोबाइलवरच्या नकाशाबाबत मात्र तुमचं खरं आहे, तो अक्षांशावरूनच अंतर काढतो.

पुण्याला शून्य धरू नये, हे शंभर टक्के मान्य. दोन्हीकडे कवडसा मोजायचा आणि दिशेसकट फरक घ्यायचा. १ मिलिमीटरची चूक राहिली तर उत्तर ३९ ते साडेचाळीस हजारांत येतं. काठीने नाही जमत, कवडशाने जमतं.

पलभा:
जुन्या पंचांगात गावाची ‘पलभा’ दिलेली असते ती हीच गोष्ट: विषुवदिनी माध्यान्ही १२ अंगुळं उंच शंकूची (सावली मोजायच्या उभ्या खुंटीची) सावली. पुण्याची ४ अंगुळं, उज्जैनची ५ हून थोडी जास्त. गावाचा अक्षांश सावलीच्या लांबीत सांगून टाकलेला. शंकूची परंपरा ‘शून्य’ शोधत नाही, लांबी मोजते. म्हणून माझं मत ओळंबा यांच्याकडे.

भरदुपार:
पण तिथेही शंकू कलला की घोटाळाच. डिसेंबरमध्ये ती चूक जादूने नाहीशी होते का?

ओळंबा:
नाहीशी नाही, जवळपास निम्मी होते. २२ डिसेंबरला पुण्यात सूर्य डोक्यापासून ४२ अंश खाली, १ मीटरची सावली ८९९ मिलिमीटर. तिथे सूर्य एक अंश हलला तर सावली ३२ मिलिमीटरने बदलते, शंकू एक अंश कलला तर १७नेच. मेमध्ये दोन्ही १७. त्या दिवशी पुणे-पणजी फरक ९१ मिलिमीटर येतो, ५३ नाही. शाळा चालू, आकाश स्वच्छ, माध्यान्ह १२:३३ला, ऊन सोसवणारं.

कवडसा:
अर्धंच सांगितलंत. ४२ अंशांवर कवडसाही लांबतो: १ मीटरवर आडवा १६, उभा २१ मिलिमीटरचा अंडगोल, आणि मेपेक्षा फिका. मध्य पकडणं तेवढंच अवघड होतं. कलण्याची चूक मी ओळंब्याने आधीच काढून टाकली आहे, मग डिसेंबरचा फायदा उरला किती? सुट्टीचा मुद्दा तेवढा खरा.

ओळंबा:
उरला तो फायदा मोजमापाचा नाही, सवयीचा. डिसेंबरपासून दर शनिवारी माध्यान्हाला त्याच झरोक्याखाली त्याच फरशीवर एक खूण. १ मीटरवर ९० सेंटिमीटरची उत्तर-दक्षिण रांग होते, मेच्या मध्यावर ती ओळंब्याच्या खुणेपाशी पोचते आणि जूनपर्यंत ८-९ सेंटिमीटर पलीकडे जाते. जानेवारीतल्या दोन खुणांमधलं अंतर बघा आणि मार्चमधलं बघा. विषुवदिनाजवळ सूर्य किती घाईत असतो ते फरशीच सांगते. शून्य हा त्या रांगेतला एक ठिपका.

भरदुपार:
त्या ठिपक्यासाठीच लोक गच्चीवर येतात, रांगेसाठी नाही. बाकी ८५ शनिवारी खूण कोण करणार?

ओळंबा:
२२ डिसेंबर ते १४ मे, शनिवार २० किंवा २१ होतात. ८५ कुठून आले?