कतरनीचं पायपुसणं तिसऱ्या फेऱ्यापासून वाटीसारखं का उचललं जातं?

कतरन_इंदूर

परदेशीपुऱ्याकडच्या रेडिमेड कारखान्यांतली चारेक किलो कतरन आहे. निम्मं सुती शर्टिंग, बाकी होजिअरी, थोडं पॉलिस्टर आणि डेनिमचे तुकडे. शिवाय डबलबेडच्या दोन जुन्या सुती चादरी. (पुण्याकडचे याला चिंध्या म्हणतील, इंदुरात कतरनच.)

५ सेंमी रुंद पट्ट्या, तीनपेडी वेणी, वेणीची रुंदी भरते २ सेंमी. ती घरच्या मशीनवर झिगझॅगने गोल गोल शिवत नेली. तिसऱ्या फेऱ्यानंतर कड वर येऊ लागली आणि ४० सेंमी व्यासाला चक्क वाटी झाली. पाणी मारून इस्त्री केली, वर पाटा ठेवला, पण सुकलं की परत तेच. चूक वेणीत आहे, शिवणीत आहे की कापडात?

करायचं आहे दारासाठी ६० × ९० सेंमीचं लांबट गोल आणि बाथरूमसाठी एक लहान. घरात कोटा स्टोन आहे, तेव्हा घसरण्याचंही सांगा.

तीनपेडी

तिन्हींत थोडी थोडी असेल, पण मुख्य चूक हिशेबाची आहे. २ सेंमी रुंदीच्या वेणीचा एक फेरा वाढला की व्यास ४ सेंमीने वाढतो, म्हणजे परीघ ४ × ३.१४ = साडेबारा सेंमीने वाढायला हवा. प्रत्येक फेऱ्याला तेवढीच, पहिला असो की दहावा. तुम्ही वेणी ओढून शिवली आणि फेऱ्याला साडेबाराऐवजी आठ-नऊच सेंमी जास्त गेली, तर कड आखूड पडते आणि कापडाला वर उठण्यावाचून जागा उरत नाही. उलट जास्त वेणी कोंबली तर कडेला झालर येते. वाटी झाली म्हणजे वेणी कमी पडली, झालर आली म्हणजे जास्त झाली, एवढं ओळखता आलं की पुढचं सोपं.

मोजायची सोपी रीत अशी. वेणीच्या कडेला कड्या दिसतात. २ सेंमीच्या वेणीत एका बाजूची कडी साधारण २ सेंमी लांब असते, म्हणजे साडेबारा सेंमी म्हणजे सहा कड्या. आतल्या फेऱ्यात जेवढ्या कड्या, त्याहून सहा जास्त कड्या बाहेरच्या फेऱ्यात बसायला हव्यात. क्रोशात सपाट गोलासाठी सिंगल क्रोशेच्या प्रत्येक फेऱ्यात सहा टाके वाढवतात, तोच हिशेब. जोडताना आतली एक कडी आणि बाहेरची एक कडी असं जात राहायचं, आणि फेऱ्यात सहा ठिकाणी आतल्या एकाच कडीला बाहेरच्या दोन कड्या द्यायच्या. ही सहा ठिकाणं दर फेऱ्याला थोडी पुढे सरकवा. एकाखाली एक आली तर गोलाचा षटकोन होतो.

आता मशीन. वेणी शिवताना चकती सुईच्या डाव्या बाजूला टेबलावर सपाट असायला हवी. आकार वाढला की ती टेबलाखाली लोंबते किंवा आपण हाताने उचलून धरतो. उचलून धरलं की प्रत्येक टाका तिरका पडतो आणि वाटीच तयार होते. सुतळीच्या टोपल्या मशीनवर मुद्दाम अशाच उचलून शिवतात! मशीनच्या डावीकडे त्याच उंचीवर स्टूल किंवा वह्यांचा गठ्ठा लावा. १६ किंवा १८ नंबरची सुई, झिगझॅग ५ मिमी रुंद, टाका ३ मिमी.

पण माझं मत विचाराल तर दारातल्या पायपुसण्याला मशीन लावूच नका. झिगझॅगचा दोरा वर उघडा राहतो, बुटांच्या घासण्याने आधी तोच तुटतो. हाताने विणलेल्या जोडात दोरा कड्यांच्या आत दडतो आणि पायपुसणं दोन्ही बाजूंनी वापरता येतं.

सुईदोरा

कतरन वेगळी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंदुरात ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आहेच, तीच इथे वापरायची.

होजिअरी आणि शर्टिंग एका वेणीत नको. होजिअरी वेणी घालताना ताणली जाते आणि शिवून झाल्यावर हळूहळू मूळ लांबीवर येते. इस्त्रीनंतर सपाट, सुकल्यावर परत वाटी, हे लक्षण बहुतेक तिचंच. पॉलिस्टर आटत नाही, सुती आटतं. दोन्ही एकत्र घातलं तर पहिल्या धुण्यातच सुरकुत्या. शिवाय पॉलिस्टर पाणी शोषत नाही, त्यामुळे पाय पुसायला निरुपयोगी, आणि गुळगुळीत असल्याने जोडही सरकतात. डेनिम चांगलं, पण त्याची पट्टी ३ ते साडेतीन सेंमी ठेवा, नाहीतर एक पेड जाड होऊन वेणी वाकडी चालते. जॉर्जेट, शिफॉन बाजूला. माहेश्वरी साडीचा जरीचा काठ मोह पडला तरी नको, जर घासून सुटते आणि पायाला बोचते.

सगळं सुती कापड आधी गरम पाण्यात धुवून वाळवा, आटायचं ते तिथेच आटू दे. कोरी कतरन खळीची असते, धुतल्यावर बरीच पातळ होते. म्हणून पट्टीची रुंदी धुतल्यानंतर ठरवा. लाल, मरून, गडद निळा असेल तर ओला पांढरा फडका घासून पाहा. रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, दुसरा उपाय नाही. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने आधीच रंगवलेल्या कापडाचा रंग पक्का होत नाही.

पट्ट्यांचा जोड ४५ अंशात तिरका, मशीनवर. कापडाला चीर देऊन एकमेकांत ओवायची पद्धत पटकन होते, पण तिथे गाठ येते आणि नेमकी ती गाठ पायाखाली टोचते. तिन्ही पेडांची लांबी सारखी ठेवू नका: एक १ मीटर, दुसरा दीड, तिसरा २. म्हणजे तीन जोड एकाच ठिकाणी येत नाहीत. तीन मीटरहून लांब पेड ठेवलात तर वेणी घालण्यापेक्षा गुंता सोडवण्यात वेळ जाईल.

जोडायला जाड सुती दोरा, गोधडीचा किंवा गादीवाल्याकडचा. चपलेचा नायलॉन दोरा मजबूत वाटतो, पण जोर पडला की तोच सुती कापडाला करवतीसारखा कापतो. दोऱ्याला मेणबत्ती घासून घ्या. दाभणाचं टोक पेडात घुसतं आणि कापड फाडतं, म्हणून ते दगडावर घासून बोथट करा. सुई कापडातून नाही, कड्यांच्या फटीतून जायला हवी.

कतरन_इंदूर

मोजलं. पाचव्या फेऱ्याच्या आणि सहाव्याच्या परिघात फरक जेमतेम आठ सेंमी. आणि हो, एका पेडात होजिअरी होती. आता हे सगळं उसवावं लागेल का? लांबट गोलाची सुरुवात कशी करायची आणि कापड पुरेल का, तेही सांगा.

तीनपेडी

पहिला सपाट दिसणारा फेरा गाठेपर्यंत उसवा, बहुधा दुसरा. होजिअरी असेल तर तो पेड काढून टाका. कड सेंमीभरच उचलली असती तर वाफेच्या इस्त्रीने बसवता आली असती, चाळीसला वाटी झाली म्हणजे ते गेलं. उसवायचा कंटाळा असेल तर आणखी चार फेरे उभे चढवा आणि कांदे-बटाट्याची टोपली म्हणा.

लांबट गोलाचा नियम: मधल्या सरळ वेणीची लांबी = पूर्ण लांबी वजा पूर्ण रुंदी. ९० वजा ६०, म्हणजे ३० सेंमी. यात चुकलं तर शेवटी काही करता येत नाही, आकार तिथेच ठरतो.

३० सेंमी सरळ वेणी झाली की वळण. डावा पेड मधल्यावरून, पुन्हा डावा मधल्यावरून, मग उजवा मधल्यावरून घट्ट ओढून. असं तीनदा केलं की वेणी उजवीकडे वळून स्वतःलाच टेकते. मग साधी वेणी घालत दुसऱ्या टोकापर्यंत या, तिथे पुन्हा तीनदा. यानंतर खास वळण लागत नाही, फक्त जोडताना वाढ द्यायची: सरळ बाजूंना एकास एक, आणि दोन्ही गोल टोकांना तीन-तीन जादा कड्या. सरळ बाजूला एकही जादा नको. तिथे वाढवलं की मधोमध फुगवटा येतो, आणि तो पायात अडकतो.

कापड: ६० × ९० चं क्षेत्रफळ सुमारे ४,६३० चौ. सेंमी. भागिले २, म्हणजे २३ मीटर वेणी. वेणीत पट्टीची लांबी खर्च होते, एक मीटर वेणीला साधारण १.४ मीटर पट्टी धरा. तीन पेड, म्हणजे ९७ मीटर. जोड धरून १००. ५ सेंमी रुंदीने ते ५ चौ. मीटर कापड. डबलबेडची एक चादर २.२५ × २.५ मीटरची असेल तर तेवढ्यात भागतं. दुसरी चादर पातळ असेल तर पट्टी ७ सेंमी घ्या. तरी आधी एक फूट नमुना वेणी घालून मोजा. १.४ हा आकडा तुमच्या हाताच्या ताणावर बदलतो, आणि हात मधेच घट्ट-सैल झाला तर वेणीची रुंदी बदलून सगळा हिशेब बिघडतो. पेड चिमट्याने टेबलाला अडकवून, दर वेळी तेवढंच ओढायचं.

शेवटच्या ३० सेंमीत पट्ट्या हळूहळू निम्म्या रुंदीच्या करा. वेणी निमुळती होते आणि मागच्या फेऱ्यात मिसळून जाते. टोक कापून तसंच शिवलं तर पायरी दिसते.

पंजा

दारासाठी वेणी ठीक. बाथरूमसाठी माझा विरोध आहे. वेणीत एका जागी कापडाचे आठ-दहा थर येतात, आणि श्रावणात ते दोन दिवस आतून सुकत नाहीत. वरून कोरडं लागतं आणि खालून कुबट वास. ओल्या कोटा स्टोनवर त्याच ओलीने काळा डागही राहतो. तिथे दरीसारखं चौकटीवर विणलेलं पातळ घ्या, चार-पाच थर, अर्ध्या दिवसात सुकतं.

४० × ६० सेंमीसाठी चौकट आतून ५० × ९० सेंमी. उभ्या ताण्याला वर-खाली एक-एक सेंमीवर खिळे, पण एका ओळीत नाही, वर-खाली करून ठोका, नाहीतर लाकूड चिरतं. जाड सुती दोऱ्याचे ४१ ताणे, कडेचे दोन दुहेरी. सुतळी नको, ओलीने कुजते. ताण असा की बोटाने छेडल्यावर सगळे सारखे वाजावेत.

आधी साध्या दोऱ्याच्या पाच ओळी, नंतर ३ सेंमी रुंद पट्टी एक वर एक खाली. ठोकायला पंजा. जोबटला दऱ्या विणायला वापरतात तो लोखंडी, नसेल तर घरातला जाड स्टीलचा काटाचमचा. ओळ साधारण ८ मिमी बसते, ६० सेंमीला ७५ ओळी, ३३ ते ४० मीटर पट्टी, म्हणजे चौरस मीटरहून थोडं जास्त कापड.

इथे हमखास होणारी चूक: पट्टी सरळ ओढून ठोकली की दोन्ही कडा आत येतात आणि मध्यभागी कंबर पडते. पट्टी कमानीसारखी तिरपी टाकायची, मग ठोकायची. तेवढं वाढीव कापड ताण्यांच्या वर-खाली जाण्यात खपतं. दर दहा ओळींनी मोजपट्टीने रुंदी मोजा. ४० ची ३९ झाली की तिथेच थांबा, ३६ झाल्यावर सुधारत नाही. उतरवल्यावर ताणे दोन-दोनच्या जोडीने गाठ मारून बंद.

किंतान

१५ सेंमीपेक्षा लहान तुकडे उरतील, आणि ती होजिअरीही. दोन्ही इथे खपतात. २ × ८ सेंमीचे तुकडे करून किंतानात (गोणपाटात) ओवायचे: दाभणाने भोक, तुकड्याचं एक टोक आत, दीड सेंमीवरच्या दुसऱ्या भोकातून वर, दोन्ही टोकं सारखी. पुढचा तुकडा आधीच्याच भोकातून सुरू केला की दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात, गाठ लागत नाही. ४० × ६० ला हजाराच्या आसपास तुकडे लागतात. होजिअरीचे धागे सुटत नाहीत म्हणून झुबका नीट राहतो, शर्टिंगचे पहिल्याच आठवड्यात उसवतात. फक्त पलंगाजवळ, कोरड्या जागी. किंतान भिजलं की लवकर कमजोर होतं. किंतानाची कड आधी ३ सेंमी दुमडून शिवून घ्या.

कतरन_इंदूर

बाथरूमसाठी मग चौकटच. घसरण्याचं राहिलं. खाली रबराचा लेप देतात तो घ्यावा का?

सुईदोरा

नको. लेप धुण्याने तडकतो, पापुद्रे सुटतात, आणि वेणीची एक बाजू कायमची बंद होते. सुटी रबरी जाळी मिळते, ती पायपुसण्यापेक्षा सगळीकडून २ सेंमी लहान कापून खाली पसरा. आठवड्यातून एकदा उचलून फरशी पुसा. जाळीखाली धूळ साठली की रबरही सरकतं.

आणि वेणीचं पायपुसणं धुतल्यावर दोरीवर टाकू नका. पाण्याच्या वजनाने लोंबून ९० चं ९५ होतं आणि जोड सैल पडतात. पिळायचं नाही, गच्चीवर उभं टेकवून पाणी निथळू द्या, मग खाटेवर आडवं.

तीनपेडी

खाट नसेल तर दोन खुर्च्यांवर जुनी जाळीची खिडकी. खालून वारा लागला पाहिजे. दुपारी एकदा उलटवा.