आईची एनसीव्ही नॉर्मल आली, तरी पुन्हा टेस्ट? मदत हवी आहे

स्वराली_क
आईच्या हातांत ताकद राहत नाही. एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ती टेस्ट) केली, शॉक दिले, रिपोर्ट नॉर्मल. हायसं वाटलं. तर डॉक्टर आता म्हणतात आणखी एक टेस्ट करा, परत शॉक, कदाचित सुईसुद्धा. एकदा नॉर्मल आलं ना, मग पुन्हा कशाला? आईने त्या शॉकचा धसकाच घेतलाय. परवाची अपॉइंटमेंट रद्द करू का? प्लीज लवकर सांगा.

बोरूबहाद्दर
आधी बी१२ तपासा. माझे तळपाय वर्षभर जळत होते, बी१२ अगदी तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं घेतली, फरक पडला. टेस्टांच्या मागे लागू नका.

निशिगंध७
वय काय? कुठला हात? मुंग्या येतात? रात्री उठून हात झटकावा लागतो का? अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटात नस दबलेली असते. माझं तेच होतं.

स्वराली_क
६१. दोन्ही हात. मुंग्या अजिबात नाहीत. ताकद राहत नाही असं लिहिलंय वर.

डोंगरवाट
@बोरूबहाद्दर, मुंग्या नाहीत, जळजळ नाही, मग बी१२ कुठून आलं? आणि नॉर्मल एनसीव्ही म्हणजे सगळं ठीक असंही नाही. ती नसेतले फक्त जाड, वेगवान तंतू तपासते. जळजळ बारीक तंतूंमुळे असेल तर रिपोर्ट स्वच्छ येतो आणि माणूस तळमळत राहतो.

बोरूबहाद्दर
मी माझा अनुभव सांगितला. एका रक्त तपासणीने कुणाचं काय बिघडतंय?

आकाशनिंब
भावाची व्हीईपी (डोळ्याने पाहिलेलं मेंदूत पोचायला किती वेळ लागतो ती टेस्ट) झाली होती. शॉक वगैरे काही नाही. पडद्यावर काळेपांढरे चौकोन अदलाबदल होतात, डोक्याच्या मागे इलेक्ट्रोड. डोळ्याने पाहिलेलं मेंदूत साधारण १०० मिलिसेकंदांत उमटतं, त्याच्या उजव्या डोळ्याला बराच उशीर लागत होता. डोळ्याच्या नसेला सूज निघाली. चष्मा असेल तर घालूनच बसवा, चौकोन पुसट दिसले की निकाल बिघडतो. बाहुली मोठी करायचे थेंब या टेस्टला नकोत, ते ईआरजीला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या टेस्टला. तिथे आधी २० मिनिटं अंधारात बसवतात.

निशिगंध७
अहो, इथे हातांचं चाललंय.

स्वराली_क
डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर, आईची डावी पापणी संध्याकाळी खाली येते. पण ते वयामुळे. सुईचं कुणी सांगेल का?

तंतुवाद्य
थांबा, ते वयावर ढकलू नका. मी या टेस्ट करणाऱ्या विभागात तंत्रज्ञ आहे. सकाळी पापणी कशी असते? केस विंचरताना हात मध्येच खाली येतो का? एकाच्या जागी दोन दिसतात का?

स्वराली_क
सकाळी अगदी ठीक! वेणी घालताना तीनतीनदा हात खाली घेते. दोन दिसतात का ते विचारते.

तंतुवाद्य
मग डॉक्टरांनी लिहिलेली टेस्ट बहुतेक आरएनएस असणार, कागदावर बघा. नसेतून संदेश वेळेत जातोय, म्हणून एनसीव्ही नॉर्मल. अडचण नस स्नायूला जिथे भेटते तिथे असू शकते, आणि ती एकेकट्या शॉकमध्ये दिसत नाही. म्हणून आरएनएसमध्ये सेकंदाला तीन या गतीने लागोपाठ शॉक देतात. निरोगी स्नायूचा आलेख त्याच उंचीवर राहतो, मायस्थेनियात (स्नायू वापरता वापरता थकत जाण्याचा आजार) चौथ्यापाचव्या शॉकपर्यंत १० टक्क्यांहून जास्त खाली येतो. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर हीसुद्धा बरेचदा नॉर्मल येते. मग सिंगल फायबर ईएमजी, म्हणजे स्नायूच्या एकेका तंतूची तपासणी, त्यात सुई असते. रक्तातल्या अँटिबॉडीही बघतात.

निदान डॉक्टरच करतील, पण अपॉइंटमेंट रद्द करू नका. जाताना हाताला तेल, क्रीम नको. हात उबदार ठेवा, थंड हातात ती घसरण लपून जाते. पेसमेकर असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. आणि गिळताना ठसका लागायला लागला किंवा श्वास अपुरा पडला, तर परवाची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

बोरूबहाद्दर
रक्त काढणारच आहेत तर त्यातच बी१२ पण करून घ्या.

स्वराली_क
विचारलं. टीव्हीवर बातम्या देणारी बाई एकीच्या दोन दिसतात, एक डोळा झाकला की एकच. दोन महिने झाले! चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून बोलली नाही. गिळणं, श्वास ठीक आहे. कागदावर आरएनएसच लिहिलंय. जातोय आम्ही. रोज रात्री हाताला तेल लावते, ते आजपासून बंद. शॉक आधीपेक्षा जोराचे असतात का?

तंतुवाद्य
साधारण आधीसारखेच, पण एकामागून एक, तीनचार सेकंद. मग थोडा वेळ हाताला जोर लावायला सांगतील आणि तेच पुन्हा करतील. हे माहीत नसलं की माणूस दुसऱ्या फेरीला हात ओढून घेतो आणि आलेख वाया जातो. आईंना आजच सांगून ठेवा, आणि थांबा म्हटलं की थांबतात हेही सांगा.