सोडियम एवढं हळू का भरतात?

कोथरूडचा_नाना: आईचं वय ७६, बीपीच्या गोळीत थायझाइड (लघवीवाटे मीठ काढणारं औषध). जेवण तुटलं, मग असंबद्ध बडबड सुरू झाली. इथेच पुण्यात आयसीयूत आहे. रक्तातलं सोडियम १०९ (मिलिमोल प्रति लिटर). तीन टक्के सलाइन (तीव्र मिठाचं पाणी) अगदी थेंबाथेंबाने चाललंय आणि वर म्हणतात, चोवीस तासांत ८ च्या वर वाढू देणार नाही. नॉर्मल १३५ ना? मग भरून टाका की!

फिजिओवाली_मॅडम: नाना, डॉक्टरांचं बरोबर आहे. रक्तात सोडियम घटलं की पाणी मेंदूत शिरतं, त्यातही ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींत जास्त. रक्तवाहिन्यांना टेकलेल्या त्यांच्या टोकांवर ॲक्वापोरिन-४ या जलमार्गांची दाटी असते. कवटी काही ताणत नाही. पण फुगलेली पेशी स्वस्थ बसत नाही. तिच्या पडद्यातले चॅनेल उघडतात, पोटॅशियम-क्लोराइड बाहेर पडतं, टॉरिन, ग्लुटामेट, मायो-इनोसिटॉल ही छोटी सेंद्रिय द्रव्यंही जातात, आणि पाणी त्यांच्या मागोमाग. क्षार काही तासांत जातात, बाकीच्यांना दोनेक दिवस लागतात. यातला क्लोराइडचा चॅनेल कुठल्या प्रथिनाचा, ते २०१४ साली कळलं: एलआरआरसी८ए. दोन गटांना एकाच वर्षी सापडलं. (आमच्या वेळी पेपरात 'प्रथिन अज्ञात' लिहून मार्क मिळायचे!)

आता आईंच्या पेशी आतलं बरंच काही टाकून पुन्हा मापात आल्यात. सोडियम झटक्यात चढवलं तर त्यांतलं पाणी ओढलं जाईल, आणि टाकलेलं परत भरून घ्यायला पेशीला कित्येक दिवस लागतात. तोवर ती आक्रसते, मरतेसुद्धा. मग चेतातंतूंवरचं मायलिन हे आवरण जातं, मुख्यतः मेंदूच्या बुडाशी पॉन्समध्ये. बोलणं, गिळणं, हातपाय, सगळंच अडकतं. तेही लगेच नाही, काही दिवसांनी, पेशंट सुधारतोय असं वाटत असतानाच.

रेसिडेंट_नाइटड्यूटी: मॅडम, पण फिट आली तर?

फिजिओवाली_मॅडम: मग थांबायचं नाही. तीन टक्क्यांचा बोलस, म्हणजे एकदम दिलेला डोस, लगेच. ४ ते ६ ने चढलं तरी सूज आवरते. दिवसाची मर्यादा मात्र तीच.

कोथरूडचा_नाना: आता जरा जीव भांड्यात पडला. मी नक्की कशाकडे लक्ष ठेवू?

फिजिओवाली_मॅडम: लघवीच्या पिशवीकडे. थायझाइड बंद केलं की कधीकधी पाण्यासारखी लघवी भराभर होते आणि सोडियम आपोआप उसळतं. पिशवी पटापट भरताना दिसली तर सिस्टरना लगेच हाक मारा. आणि पोटॅशियम किती आहे तेही विचारून घ्या, ते कमी असेल तर मायलिनचा धोका वाढतो. ते भरायला घेतलं की सोडियमही सोबत चढतं, म्हणून दोन्हींचा हिशोब एकत्र ठेवावा लागतो.