घरी शिवलेला झुला झाडाला कसा बांधावा?

प्रश्न : पन्हाळ्याजवळच्या मुक्कामासाठी मी तीन मीटर नायलॉन कापडाची दोन्ही टोके चुणून झुला तयार केला आहे, मात्र माझे वजन ७५ किलो असल्याने तो किती ताणून बांधावा, हे कळत नाही.

उत्तर १ : ताणूच नका. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक टोकावर साधारण ७५ किलोंचाच ताण येतो. कोन १० अंशांवर आला की तोच ताण सुमारे २१५ किलोंवर जातो.

उत्तर २ : बारीक दोराने झाडाची साल कापली जाते, म्हणून रुंद पॉलिएस्टर पट्टा वापरावा. नायलॉनचा दोर सैलावल्याने माझी पाठ पहाटे दवाने भिजलेल्या गवताला टेकली होती.

उत्तर ३ : वर वाळकी फांदी नाही ना, हे आधी पाहावे.